वाचक विचारतात : फुटबॉलच्या मैदानातून कुस्तीच्या रिंगमध्ये

गेल्या अंकात रोमन रेन्सवर छोटी चौकट छापली होती. कुस्तीत येण्याआधी तो फुटबॉल खेळायचा, असं एक वाक्य त्यात होतं. गोव्यातल्या वाचकांनी नेमकं तेच पकडलं आणि जवळजवळ सगळी पत्रं त्याच वाक्यावर आली. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो हे आता कुणापासून लपलेलं नाही. पडणं मात्र खरं असतं आणि मोडलेली हाडंही खरी असतात. पुढची उत्तरं हे धरूनच वाचावीत.

रेन्स, गोल्डबर्ग, द रॉक हे सगळे माजी फुटबॉलपटू म्हणता, मग ते कोणत्या क्लबकडून खेळले? युरोपातल्या एकाही संघात यांची नावं कधी ऐकली नाहीत. — मडगाव

फातोर्ड्याच्या मैदानात आपण पाहतो तो फुटबॉल हे लोक खेळले नाहीत. त्यांचा खेळ अमेरिकन किंवा कॅनेडियन फुटबॉल. लांबट चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्याला अंगावर घेऊन पाडायचं. रेन्स जॉर्जिया टेक विद्यापीठाकडून बचावफळीत खेळला. २००७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला घेतलं, पण वैद्यकीय तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला आणि तो संघाबाहेर गेला. २००८ मध्ये कॅनडात एडमंटनकडून काही सामने खेळून त्याने फुटबॉल सोडला, आणि २०१० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या मोठ्या कुस्ती कंपनीशी करार केला. द रॉक मायामी विद्यापीठाच्या १९९१ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होता. १९९५ मध्ये कॅल्गरीच्या व्यावसायिक संघाने त्याला हंगाम सुरू असतानाच काढून टाकलं आणि पुढच्याच वर्षी तो रिंगमध्ये उतरला. गोल्डबर्ग अटलांटा फाल्कन्सकडून खेळत असताना त्याच्या ओटीपोटाचा स्नायू ओटीपोटाच्या हाडापासून फाटला, आणि त्याचा फुटबॉल तिथेच संपला.

तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. फुटबॉलमध्ये ते शिखरावर नव्हते. शिखरावरचा खेळाडू सहसा कुस्तीकडे येत नाही, आलाच तर निवृत्तीनंतर एखाद्या रात्रीपुरता येतो. लॉरेन्स टेलर हा त्या खेळातला थोर बचावपटू. तो १९९५ च्या रेसलमेनिया या कुस्तीच्या वार्षिक सोहळ्यात बॅम बॅम बिगेलो या कुस्तीगिराशी लढला आणि तेवढ्यावर थांबला. कारकीर्द घडवली ती दुखापतीने किंवा निवड समितीने बाहेर काढलेल्यांनी. कुस्तीच्या कंपन्यांना नेमके हेच लोक हवे असतात. शरीर तयार आहे, शिस्त अंगात आहे, वय पंचविशीच्या आसपास आणि हातातलं काम नुकतंच गेलेलं.

याचं एक चांगलं उदाहरण २ ऑगस्ट १९९२ चं आहे. बाल्टिमोरमध्ये रॉन सिमन्सने वेडरला हरवून डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या कुस्ती कंपनीचं जगज्जेतेपद घेतलं. कृष्णवर्णीय कुस्तीगीराला तो किताब मिळण्याची ती पहिलीच वेळ. सिमन्स आधी क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये होता, वेडर लॉस एंजेलिस रॅम्समध्ये. दोघेही फुटबॉलच्या मैदानातूनच आलेले.

आपल्या फुटबॉलमधून कुणीच गेलं नाही का? — कुंकळ्ळी

गेले, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सगळ्यांत नावाजलेला टिम वीझे, वेर्डर ब्रेमेनचा गोलरक्षक. जर्मनीकडून ६ सामने खेळला आणि २०१० च्या विश्वचषकाच्या चमूत होता. फुटबॉल सुटल्यावर त्याने व्यायामशाळेत अंग प्रचंड वाढवलं, ऑरलँडोत डब्ल्यूडब्ल्यूईच्या केंद्रात सराव केला आणि ३ नोव्हेंबर २०१६ रोजी म्युनिकमध्ये शेमस आणि सिझॅरो यांच्या जोडीने सहा जणांचा सामना जिंकला. गाडी तिथून पुढे गेली नाही. इंग्लंडचा स्टुअर्ट टॉमलिन्सन हाही गोलरक्षक. पोर्ट व्हेलकडून खेळलेल्या या गड्याला पुढे गुडघ्याने दगा दिला, मग ह्यूगो नॉक्स या नावाने तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी या नवोदितांच्या गटात काही वर्षं होता. नॉरिचचा आघाडीवीर ग्रँट होल्ट २०१८ मध्ये त्याच शहरातल्या डब्ल्यूएडब्ल्यू या छोट्या कंपनीच्या रिंगमध्ये उतरला.

तिघांतले दोघे गोलरक्षक आहेत, आणि त्याला कारण आहे. मधल्या फळीतला खेळाडू ९० मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर पळतो, त्यामुळे त्याचं शरीर हलकं ठेवलेलं असतं. खांदे आणि मान यांच्यावर त्याने फारसं काम केलेलं नसतं. गोलरक्षक उंच असतो, त्याचा वरचा भाग भरलेला असतो आणि तो दिवसातून पन्नास वेळा जमिनीवर पडतो. पडण्याची भीती गेलेली असणं हे मोठंच भांडवल. त्याचा एक तोटाही आहे, तो पुढे वास्कोच्या प्रश्नात येईल.

ही प्रथा कधीपासूनची? टीव्हीसाठी सुरू झालेला प्रकार वाटतो. — डिचोली

टीव्ही घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची. गस सॉननबर्ग हा बुटका, रुंद खांद्यांचा गडी १९२८ मध्ये एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग जिंकणाऱ्या प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर संघात होता. ४ जानेवारी १९२९ रोजी बॉस्टनमध्ये त्याने एड ‘स्ट्रँगलर’ लुईसला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. तोवरची कुस्ती बहुतेक जमिनीवरची. पकड घालायची, आवळायची आणि वाट पाहायची. सॉननबर्गने फुटबॉलमधला टॅकल उचलून रिंगमध्ये आणला. दोरांवरून वेग घ्यायचा आणि डोकं-खांदा पुढे करून समोरच्याच्या पोटात उडी घ्यायची. लोक वेडे झाले, आणि कुस्त्या भरवणारे प्रवर्तक फुटबॉलपटू शोधत हिंडू लागले. शिकागो बेअर्सचा जो सावोल्डी त्याच लाटेत आला. दोन्ही पाय हवेत उचलून छातीवर मारायची ड्रॉपकिक त्यानेच लोकप्रिय केली.

सगळ्यांत मोठं नाव ब्रॉन्को नागुर्स्की. १९३० ते १९३७ शिकागो बेअर्सकडून खेळला, अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९६३ च्या पहिल्याच तुकडीत त्याची निवड झाली. मंदीच्या त्या वर्षांत फुटबॉलचा पगार तुटपुंजा होता, कुस्तीत दर सामन्याला पैसे मिळत. १९३७ मध्ये डीन डेटनला हरवून तो जगज्जेता झाला, आणि पगारावरून बेअर्सशी जमेना म्हणून फुटबॉल सोडून कुस्तीतच राहिला. युद्धामुळे खेळाडू कमी पडले तेव्हा १९४३ मध्ये एका हंगामासाठी परतला आणि अंतिम सामन्यात टचडाउनही केला, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली.

साठच्या दशकातही हिशेब तोच होता. हंगाम संपला की कमाई थांबायची, मग उरलेले महिने रिंगमध्ये. सॅन डिएगो चार्जर्सचा एर्नी लॅड हा ६ फूट ९ इंचांचा माणूस आधी सुट्टीत कुस्ती खेळे. गुडघे गेल्यावर तेच त्याचं पूर्णवेळ काम झालं. न्यूयॉर्क जेट्सच्या वाहू मॅकडॅनियलचंही तसंच. फुटबॉलचे पगार फुगल्यावर ही सुट्टीतली कुस्ती बंद पडली.

गोल्डबर्ग आणि रेन्स यांचा ‘स्पिअर’ खरा लागतो का? मुलं घरी करून बघतात. — फोंडा

मुलांना आधी थांबवा, मग पुढचं वाचा.

स्पिअर म्हणजे सॉननबर्गच्या टॅकलचाच वारस. मारणारा धावत येतो, शेवटच्या दोन पावलांत कंबरेतून खाली जातो आणि खांद्याचा गोल, मऊ भाग समोरच्याच्या पोटाला लावतो. दोन्ही हात कंबरेभोवती जातात. डोकं समोरच्याच्या बरगडीच्या बाहेर, काखेखाली निघालं पाहिजे, आणि नजर वर पाहिजे. डोकं मध्ये राहिलं आणि नजर खाली गेली की मानेचा नैसर्गिक बाक सरळ होतो, आणि सगळा धक्का मणक्यांच्या माळेतून उभा जातो. अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेटच्या टाळूने टक्कर देणं याच कारणासाठी १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत नियमबाह्य ठरवलं गेलं. रिंगमध्ये तर हेल्मेटही नसतं.

निम्मं काम मार खाणाऱ्याचं असतं. खांदा टेकण्याच्या क्षणी तो टाचांवरून मागे झेप घेतो, हनुवटी छातीला लावतो आणि पाठीच्या वरच्या भागावर सपाट पडतो. उभाच राहिला तर बरगडी जाते. मारणाऱ्याने त्याच्यासोबत खाली जाताना आपलं वजन स्वतःच्या गुडघ्यांवर आणि कोपरापुढच्या हातांवर घ्यायचं असतं, त्याच्या छातीवर नाही. रेन्स कोपऱ्यात दबा धरून ओरडतो, तो नुसता देखावा वाटतो. समोरच्याला तयार व्हायला दोन क्षण मिळतात ते त्या ओरडण्यातच. जिम डगन हा कुस्तीगीर फुटबॉलमधल्यासारखा एक हात जमिनीला टेकून बसायचा आणि मग धावायचा. त्याच्याही बाबतीत हेच.

फुटबॉलमधून आलेल्यांचं इथेच चुकतं. मैदानात त्यांना वर्षानुवर्षं एकच शिकवलेलं असतं, की समोरच्याच्या आरपार जा. रिंगमध्ये अंगाला लागल्यावर थांबावं लागतं. गोल्डबर्गच्या ताकदीविषयी कुणाला शंका नव्हती, पण १९ डिसेंबर १९९९ च्या स्टारकेड या कार्यक्रमात त्याची एक लाथ ब्रेट हार्ट या कुस्तीगिराच्या डोक्यावर पूर्ण बळाने बसली. मेंदूला झालेल्या इजेतून हार्ट सावरला नाही आणि पुढच्या वर्षी निवृत्त झाला. १९९९ च्याच ऑक्टोबरमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसचा माजी खेळाडू डॅरेन ड्रोझडॉव्ह पॉवरबॉम्ब या, समोरच्याला वर उचलून पाठीवर आपटण्याच्या डावात मानेवर पडला आणि कायमचा लुळा झाला. तो डाव दोघांनी मिळून पूर्ण करायचा असतो. उचलणाऱ्याची पकड किंवा उडी घेणाऱ्याची वेळ किंचित चुकली तरी डोकं आधी खाली येतं.

माझा मुलगा २१ वर्षांचा, क्लबच्या राखीव संघात गोलरक्षक आहे. उंची ६ फूट १ इंच, वजन ७८ किलो. प्रो रेसलिंगमध्ये जायचं म्हणतो. आम्ही काय करावं? — वास्को

त्याला फुटबॉल लगेच सोडायला लावू नका, आणि रागावूही नका. वय योग्य आहे. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात असतात, ते चार महिने त्याला या तयारीसाठी द्या.

सुरुवात डॉक्टरपासून. गोलरक्षकाच्या गुडघ्यात जुनी इजा असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाकडून आतले अस्थिबंध तपासून घ्या. मानेचा एक्स-रे काढा. आजवर डोक्याला किती वेळा मार लागला, कधी क्षणभर शुद्ध गेली का, हे त्याने लपवता कामा नये. मानेत किंवा हातात मुंग्या येत असतील तर हा विचार तिथेच सोडावा. यात दुसरं मत घ्यायची गरज नाही.

मग मान. तळहात कपाळावर ठेवून डोकं पुढे दाबायचं आणि हाताने तितकंच अडवायचं, दहा सेकंद. तसंच मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक दिशेला पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस. मान हलता कामा नये. डोक्यावर तोल घेऊन करायची ब्रिज मुलं पहिल्याच दिवशी करतात आणि मान धरून बसतात. ती सहा आठवड्यांनंतर, तीही हातांचा आधार ठेवून.

दमसासाविषयी फुटबॉलपटू गाफील राहतात. नव्वद मिनिटं खेळणारा मुलगा रिंगमध्ये चौथ्या मिनिटाला धापा टाकतो, कारण इथे दुसऱ्याचं वजन उचलायचं असतं, पडायचं असतं आणि लगेच उठायचं असतं. अमेरिकन फुटबॉलवाल्यांचं तर त्याहून वाईट होतं. त्यांचा एक डाव जेमतेम पाच-सहा सेकंदांचा आणि मग विश्रांती. यावर आपल्याच तालमीतला उपाय सर्वांत चांगला आहे, तो म्हणजे जोर आणि बैठका. न्यू जपान प्रो रेसलिंग या जपानी कंपनीच्या डोजोत, म्हणजे तालमीत, आजही नवख्यांना शेकडो बैठका काढायला लावतात. मुलाने २० बैठका, १० जोर आणि ५ वेळा जमिनीवर आडवं होऊन उभं राहणं असा फेरा धरावा. ५ फेरे, मध्ये अर्धा मिनिट. तीन आठवड्यांत फेरे ८ करावेत.

वजन आठवड्याला पाव ते अर्ध्या किलोपेक्षा वेगाने वाढवू नये, त्यावर जी वाढ होते ती चरबीची. ७८ किलोंच्या मुलाला दिवसाला साधारण १२५ ते १५० ग्रॅम प्रथिनं लागतील. बांगडा, इसवण किंवा कोंबडी यांच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २० ग्रॅम, दोन अंड्यांत १२. घरच्या हुमण-भातात माशाचा तुकडा दुप्पट केला आणि सकाळी चार अंडी दिली तर अर्ध्याहून अधिक तिथेच झाली. तळलेल्या रव्याच्या माशापेक्षा रस्सा किंवा भाजलेला मासा बरा. व्यायामशाळेत कुणी इंजेक्शन किंवा बिनलेबलची पावडर पुढे केली तर ती जागा बदला. डब्ल्यूडब्ल्यूई २००६ पासून खेळाडूंची उत्तेजक चाचणी घेते.

आता पडणं, आणि गोलरक्षकाचा तो तोटा. झेप घेणारा गोलरक्षक कुशीवर पडतो. मांडीची बाहेरची बाजू, नितंब, बरगडी आणि खांदा असा क्रम असतो, नजर चेंडूवर आणि म्हणून मान वळलेली. रिंगमध्ये पाठीवर पडायचं असतं. तोल मागे जाऊ लागला की त्याचा एक हात आपोआप जमीन शोधायला मागे जातो, आणि मनगट किंवा कोपर मोडतं. ही सवय मोडायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. आधी पाठीवर झोपून हनुवटी छातीला, दोन्ही हात शरीरापासून अर्ध्या काटकोनात, तळहात खाली. डोकं न टेकवता दोन्ही हात एकाच वेळी जमिनीवर आपटायचे आणि श्वास सोडायचा. ते जमलं की उकिडवं बसून मागे पडायचं. मग अर्धं उभं राहून. सगळ्यांत शेवटी पूर्ण उभं राहून. टेकायचं ते दोन्ही खवाट्यांमधल्या रुंद भागावर, माकडहाडावर नव्हे. श्वास रोखला तर छातीत गच्च बसतं आणि दोन मिनिटं बोलता येत नाही. एका सत्रात २० ते ३० वेळा पुरे. डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन होईना, की त्या दिवसाचा सराव संपला आणि डॉक्टर गाठायचा.

हे सगळं ज्युडो किंवा कुस्तीच्या गादीवर, प्रशिक्षक समोर असताना. घरची गादी नको. ती खोल जाते, चूक कळूच देत नाही आणि तीच चूक रिंगच्या फळ्यांवर महागात पडते. मिरामार-कोलव्याच्या वाळूवर तर अजिबात नको. ओली वाळू काँक्रीटसारखी घट्ट असते, आणि कोरडीत पाय रुततो व गुडघा पिळतो. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० फुटांची असते. लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि वर ताणलेला कॅनव्हास. मऊ काहीच नाही, फक्त फळ्या किंचित लवतात. दोरांवरून पळतानाही तंत्र आहे. तीन लांब पावलांत रिंग ओलांडायची, शेवटच्या पावलावर वळायचं, पाठ खवाट्यांखाली दोराला लावायची आणि एका हाताने वरचा दोर धरायचा, म्हणजे दोर सैल असला तरी माणूस बाहेर जात नाही. पहिल्या महिन्यात काखेखाली काळेनिळे वळ उठतात, त्याने घाबरू नये.

यानंतरच कुस्तीची शाळा. देशात जालंधरला द ग्रेट खलीची अकादमी आहे. डब्ल्यूडब्ल्यूईपर्यंत पोचलेली कविता देवी तिथलीच. कुठेही प्रवेश घेण्याआधी एक दिवस जाऊन नुसतं बघा. नवख्यांना पहिल्या आठवड्यातच उंचावरून उड्या मारायला लावत असतील तर परत या. विमा अपघाताचा असला तरी साहसी खेळ त्यातून वगळलेले असतात, ते कलम वाचून घ्या. अमेरिकेतही डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या कुस्तीगिरांना नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानते.

आणि पदवी पुरी करायला सांगा. चाळिशीपर्यंत शरीर टिकवणारे या धंद्यात आहेत, पण त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

वीझे का टिकला नाही? ताकद तर होती. — साखळी

उशीर झाला. पहिल्या सामन्याच्या वेळी तो चौतिशीचा होता. ब्रॉन ब्रेकरने २०२० मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने सोडल्यावर लगेच कुस्ती धरली, आणि जानेवारी २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी तो एनएक्सटीचा विजेता होता. शिवाय घरात वडील आणि काका, दोघेही कुस्तीगीर. वीझेने फुगवलेलं शरीर छायाचित्रात उठून दिसे, पण रिंगमध्ये जास्तीचा प्रत्येक किलो दम खातो. अमेरिकेत राहायचं आणि आठवड्यातले निम्मे दिवस प्रवासात घालवायचे, हे युरोपात स्थिरावलेल्या, पैसा पाहिलेल्या माणसाला झेपणं कठीण. ऑरलँडोतलं केंद्र २०१३ मध्ये सुरू झालं. तिथे सात रिंग आहेत, आणि २०२१ पासून कंपनी कॉलेजात शिकणाऱ्या खेळाडूंनाच करारात घेऊ लागली आहे. वय त्यांनीही ओळखलं.

उलटा प्रवास कुणी केला आहे का? — पेडणे

ब्रॉक लेस्नरने करून पाहिला. २००४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडून तो मिनेसोटा व्हायकिंग्जच्या शिबिरात गेला. शाळेनंतर त्याने फुटबॉल खेळलेलाच नव्हता, त्यात शिबिराआधी मोटारसायकलच्या अपघातात जांघ दुखावलेली. ताकद आणि वेग होता, पण बचावफळीत समोरच्याच्या हातापायांच्या हालचालीवरून डाव ओळखावा लागतो, आणि ती नजर वर्षानुवर्षं खेळूनच येते. सराव सामने झाल्यावर त्याला वगळलं. युरोपातल्या संघात जाऊन शिकण्याचा पर्याय त्याने नाकारला आणि २००५ मध्ये जपानमध्ये पुन्हा कुस्तीचा किताब जिंकला.